आडवाटेच्या वाहनाचा अंतर्भाग आणि फवारणीचा लेप : सोलापूर जिल्ह्याच्या परिस्थितीत गुणदोषविचार

१. विषयप्रवेश

पक्क्या सडकेवरून धावणारे वाहन आणि शेतवाट, ओढा, माळरान यांतून जाणारे वाहन यांच्या बाह्यांगातील भेद सहज दिसतो. अंतर्भागातील भेद मात्र फारसा विचारात घेतला जात नाही. मोटारगाडीचा तळ गालिच्याने मढवलेला असतो, कारण तेथे चिखल, पाणी आणि अवजड सामान यांचा प्रवेश अपवादात्मक मानला जातो. आडवाटेच्या वाहनात हा अपवादच नियम होतो. १९४१ च्या विलिज जीपच्या तळाला पाणी काढून टाकण्यासाठी बुचाची भोके होती, ही गोष्ट या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने हीच जीप भारतात जुळवण्यास प्रारंभ केला, आणि त्याच परंपरेतील २०२० सालच्या ‘थार’ गाडीचा तळही पाण्याने धुता येईल असा, निचऱ्याच्या बुचांसह दिलेला आहे. म्हणजे तळ ओला होणारच हे निर्मात्याने गृहीत धरले आहे. तो ओला झाल्यावर टिकावा कसा, एवढाच प्रश्न उरतो.

या प्रश्नाचे एक उत्तर म्हणून वाहनाच्या आतील पत्र्यावर पॉलियुरेथेन अथवा पॉलियुरिया या बहुवारिकांचा जाड लेप फवारण्याची पद्धत पुढे आली आहे. मालवाहू गाडीच्या हौद्यासाठी अमेरिकेत रूढ झालेला हा उपाय पुढे चालकाच्या पायांखालच्या तळापर्यंत पोहोचला. त्याचे गुण मोठ्या आवाजात सांगितले जातात. दोष बहुधा लेप देऊन झाल्यावर उमगतात. प्रस्तुत लेखात या लेपाचे रसायन, त्याचे भौतिक गुणधर्म आणि तो देताना संभवणारे धोके यांचा विचार करून, सोलापूर जिल्ह्यासारख्या कोरड्या प्रदेशात त्याची उपयुक्तता कितपत आहे याचा निर्णय करण्याचा प्रयत्न केला आहे.

२. सोलापूरच्या परिस्थितीचे स्वरूप

पत्रा गंजणे ही विद्युत्-रासायनिक क्रिया होय. तिला लोह, पाणी आणि ऑक्सिजन ही तिन्ही लागतात. क्षारांची जोड मिळाल्यास पाण्याची विद्युत्-वाहकता वाढून ती क्रिया वेग घेते. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ६० ते ७० टक्क्यांच्या वर गेली म्हणजे उघड्या पोलादावर गंजण्यास पुरेसा पाण्याचा पातळ थर धरू लागतो. कोकणपट्टीत ही स्थिती वर्षाचा बराच काळ असते व हवेत सागरी क्षारही असतात. सोलापूर मात्र पर्जन्यछायेत येते. येथील वार्षिक पाऊस सरासरीने साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास असून तो मुख्यतः जून ते ऑक्टोबर या काळात पडतो. उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाणे हे येथे नित्याचे आहे. तेव्हा केवळ हवामान पाहिले, तर येथे गंजाची भीती कोकणाच्या मानाने पुष्कळच कमी आहे, आणि लेपाची गरजच काय, अशी शंका स्वाभाविक ठरते.

परंतु वाहनाचा तळ हवामानावर जगत नाही. त्यावर जे सांडते त्यावर तो जगतो. मंगळवेढ्याकडील खोल काळ्या जमिनीत माँटमोरिलोनाइट वर्गातील चिकणमातीचे प्रमाण मोठे असते. ही माती पाणी शोषून फुगते आणि ते सावकाश सोडते. पायाला लागून आत आलेला तिचा गोळा रबरी मॅटखाली गेला, की बाहेर कडक ऊन असतानाही मॅटखालचा पत्रा कित्येक दिवस ओला राहतो. शिवाय गोळ्याच्या मध्यभागी ऑक्सिजन कमी व कडेला अधिक, अशी विषमता निर्माण होऊन मध्यभागाचा पत्रा ऋणभार गमावणारा ध्रुव बनतो आणि तेथेच खड्डा पडतो. वरून मॅट कोरडी ठणठणीत दिसते. नाश खाली चालू असतो.

दुसरे कारण खतांचे. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाल्यानंतर जिल्ह्यात ऊस व अन्य बागायतीचा विस्तार झाला, आणि खताची पोती वाहणे हे जीपसारख्या वाहनांचे नेहमीचे काम झाले. पोत्यातून सांडलेले खत हवेतील बाष्प ओढून घेते. ३० अंश तापमानाला युरिया सुमारे ७३ टक्के, अमोनियम सल्फेट सुमारे ७९ टक्के, तर पोटॅशियम क्लोराइड सुमारे ८४ टक्के सापेक्ष आर्द्रतेला विरघळू लागते. पावसाळ्यातील पहाटे आर्द्रता या मर्यादा ओलांडते. म्हणजे पाऊस न पडताही तळाच्या खाचेत क्षारयुक्त द्राव तयार होतो, आणि त्यातील क्लोराइड गंजाला विशेष पोषक असते. कोरड्या प्रदेशातील वाहनाचा तळ आतून कुजलेला आढळतो, त्याचे रहस्य बहुधा येथे आहे.

तिसरे कारण घर्षणाचे. मुरूम, वाळू, अवजारांची टोके आणि लोखंडी डबे यांनी कारखान्यातील रंगाचा थर खरवडला जातो. त्या रंगाची एकूण जाडी मिलिमीटरच्या दशांशाच्या घरात असते. तो शोभेसाठी व सामान्य रक्षणासाठी असतो, नांगराचा फाळ सोसण्यासाठी नव्हे.

३. लेपाचे रसायन

ऑटो बायर व त्याच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये जर्मनीत पॉलियुरेथेनच्या निर्मितीचा पाया घातला. आयसोसायनेट गट आणि पॉलिऑलमधील हायड्रॉक्सिल गट यांच्या संयोगातून युरेथेन बंध निर्माण होतो. हायड्रॉक्सिलऐवजी अमाइन गट असलेली राळ वापरली तर युरिया बंध तयार होतो, आणि त्या पदार्थास पॉलियुरिया म्हणतात. फवारणीयोग्य पॉलियुरियाचा विकास १९८० च्या दशकात अमेरिकेतील टेक्सॅको कंपनीच्या संशोधनातून झाला.

या दोहोंतील व्यावहारिक भेद वेगाचा आहे. अमाइनशी होणारी प्रक्रिया इतकी शीघ्र असते की पॉलियुरिया काही सेकंदांतच घट्ट होऊ लागतो. त्यामुळे दोन घटक स्वतंत्र नळ्यांतून साधारण ६५ ते ७५ अंशांपर्यंत तापवून, १४० ते २०० बार इतक्या दाबाखाली बंदुकीच्या मुखाशीच मिसळावे लागतात. ही यंत्रसामग्री महाग असून तिला कुशल हात लागतो. पॉलियुरेथेनचे मंदगती प्रकार मात्र डब्यात मिसळून, साध्या हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुकीने अथवा रोलरनेही देता येतात. गावोगावच्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजांत जे काम होते ते प्रायः या दुसऱ्या प्रकारचे. जाहिरातीत वर्णन पहिल्याचे आणि पत्र्यावर थर दुसऱ्याचा, अशी गल्लत अनेकदा होते. ग्राहकाने ती टाळावयास हवी.

पाण्याशी आयसोसायनेटचा संयोग झाला तर अमाइन व कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. हा वायू लेपात अडकून बुडबुडे धरतो. पॉलियुरेथेन या बाबतीत अधिक हळवे आहे. पॉलियुरियात अमाइनची प्रक्रिया पाण्याच्या आधी आटोपत असल्याने धोका कमी, पण पत्रा ओलसर असेल तर आसंजन दोहोंचेही बिघडते. पत्र्याचे तापमान दवबिंदूहून किमान ३ अंशांनी अधिक असावे, हा लेपनशास्त्रातील सर्वमान्य दंडक येथेही लागू आहे.

४. लेपाचे गुण

पहिला व निःसंशय गुण घर्षणरोधाचा. दीड ते तीन मिलिमीटर जाडीचा हा लवचीक थर आघात शोषून घेतो. कठीण रंगाचा टवका उडतो, तर हा थर दबून पूर्ववत् होतो. डिझेलचा डबा कलंडला किंवा खताचे पोते फुटले तरी तळ पाण्याने धुऊन काढता येतो.

दुसरा गुण सांध्यांच्या आच्छादनाचा. तळाचा पत्रा अनेक तुकडे ठिपक्या-वेल्डिंगने जोडून बनलेला असतो, आणि गंजाचा प्रारंभ बहुधा या जोडांच्या फटींत होतो. फवारलेला लेप अखंड असल्याने वरून येणाऱ्या पाण्यास फट राहत नाही. मॅट व ट्रे यांच्या तुलनेत हाच त्याचा खरा विशेष होय. कारण मॅट पाणी अडवते तसे ते खाली कोंडूनही ठेवते, लेपाखाली मात्र पाणी शिरण्यास जागाच उरू नये अशी अपेक्षा असते.

तिसरा गुण पकडीचा. लेपाचा पृष्ठभाग खरबरीत ठेवता येतो, त्यामुळे ओला पाय घसरत नाही आणि सामान सरकत नाही. मात्र हाच खरबरीतपणा चिकणमातीला धरून ठेवतो व ब्रशाशिवाय ती निघत नाही, हेही नमूद केले पाहिजे.

५. अतिशयोक्तीचे दोन विषय : आवाज आणि उष्णता

लेपामुळे वाहन शांत व थंड होते, असे सांगितले जाते. या दाव्यांची परीक्षा साध्या गणिताने करता येते.

एक मिलिमीटर जाड पोलादी पत्र्याचे वस्तुमान दर चौरस मीटरला सुमारे ७.८५ किलोग्रॅम असते. २ मिलिमीटर लेपाची घनता १.०५ धरली तर त्याने सुमारे २.१ किलोग्रॅमची, म्हणजे २७ टक्क्यांची भर पडते. ध्वनिरोधाच्या वस्तुमान-नियमानुसार वस्तुमान दुप्पट झाले तर रोध सुमारे ६ डेसिबेलने वाढतो. २७ टक्के वाढीने तो जेमतेम २ डेसिबेलने वाढेल. पत्र्याची थरथर व खडखड दबते ती लेपाच्या अवमंदनामुळे, आणि तो लाभ खरा आहे. गालिचा व त्याखालचा जाड नमदा मात्र आवाज शोषण्याच्या कामी याहून सरस ठरतात. म्हणून गालिचा काढून त्या जागी लेप दिला, तर गाडी पूर्वीपेक्षा अधिक गोंगाट करण्याचा संभव असतो.

उष्णतेचेही तसेच. या बहुवारिकाची उष्णतावाहकता दर मीटर-केल्व्हिनला सुमारे ०.२ वॉट धरली, तर २ मिलिमीटर थराचा उष्णतारोध ०.०१ इतका येतो. पत्र्यालगतच्या स्थिर हवेच्या पापुद्र्याचाच रोध याच्या सुमारे दसपट असतो. अर्थात इंजिनाकडून व तापलेल्या रस्त्याकडून येणारी उष्णता या लेपाने अडत नाही. स्पर्शाला मात्र फरक जाणवतो. उन्हात तापलेला उघडा पत्रा हाताला चटका देतो तितका लेप देत नाही, कारण तो त्वचेकडे उष्णता सावकाश सोडतो. स्पर्शातील हा फरक म्हणजे वाहनाचे थंड होणे नव्हे.

६. लेपाचे दोष

सर्वांत मोठा दोष हा की लेप आपल्याखाली काय आहे ते लपवतो. पत्र्यावर गंजाचे ठिपके अथवा खताचे क्षार राहून गेले आणि त्यांवर लेप बसला, तर क्षाराच्या ओढीने बाष्प बहुवारिकातून परासरणाने आत शिरते आणि लेपाखाली द्रावाचे फोड धरतात. कोणतेही बहुवारिक बाष्पाला पूर्णतः अभेद्य नसते. एखाद्या ठिकाणी लेप फाटला आणि कडेचे आसंजन सुटले, तर तेथून शिरलेले पाणी बाहेर पडण्यास वाट उरत नाही. मॅटखाली जे घडत होते तेच आता लेपाखाली, न दिसता, घडू लागते. लेपाचे यश यामुळे फवारणीपेक्षा पूर्वतयारीवर अवलंबून असते. बैठका, गालिचा व ध्वनिरोधक डांबरी पट्ट्या काढणे, ग्रीस धुणे, क्षार गोड्या पाण्याने वारंवार धुऊन घालवणे, गंज धातूपर्यंत घासणे, पत्रा खरवडून खडबडीत करणे आणि योग्य प्राथमिक लेप देणे, या पायऱ्यांतच बहुतेक श्रम जातात. कमी दरात काम होते तेव्हा नेमक्या याच पायऱ्या गाळल्या जातात, आणि त्यांचे गाळणे तयार कामात दिसत नाही.

दुसरा दोष अपरिवर्तनीयतेचा. मॅट उचलून टाकता येते. नीट चिकटलेला लेप काढण्यास खरवडणे, तापवणे व तारेच्या चाकाने घासणे यांवाचून गत्यंतर नसते. पुढे पत्र्याला वेल्डिंग करण्याची वेळ आली तर लेप आधी दूरवर काढावा लागतो, कारण तापल्यावर त्यातून आयसोसायनेट, कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सायनाइड यांसारखे विषारी वायू सुटतात. जुने वाहन विकत घेणाऱ्याच्या मनातही ताजा लेप संशय उत्पन्न करतो, आणि तो संशय अनाठायी म्हणता येत नाही.

तिसरा दोष यांत्रिक सुरक्षेचा. सुरक्षापट्ट्याचे व बैठकीचे बोल्ट ज्या ठिकाणी पत्र्यावर घट्ट बसतात तेथे लेप आला, तर सततच्या दाबाखाली तो हळूहळू चेपत जातो आणि बोल्टचा ताण सैल होतो. ते स्थान झाकपट्टी लावून कोरडे ठेवणे अत्यावश्यक आहे. विद्युत्-मंडलाचे भू-जोड, निचऱ्याची भोके, कोरलेले क्रमांक आणि अलीकडच्या गाड्यांत तळाच्या मध्यभागी बसवलेले हवापिशवीचे नियंत्रक यांनाही हाच नियम लागू आहे.

चौथा दोष उन्हाचा. स्वस्त लेपांत ॲरोमॅटिक आयसोसायनेट असते. अतिनील किरणांनी ते पिवळट व निस्तेज होते आणि पृष्ठभागावर भुकटी धरते. छत काढता येणाऱ्या गाडीत हे लवकर घडते. ॲलिफॅटिक प्रकार टिकाऊ असला तरी महाग असतो. तसेच बहुवारिकाचे ऊष्मीय प्रसरण पोलादाच्या दहापटीहून अधिक असते. लवचीकतेमुळे हा ताण एरव्ही सोसला जातो. परंतु सोलापूरच्या उन्हात बंद गाडी रोज तापते व रात्री निवते, तेव्हा आसंजन दुबळे असलेल्या कडा प्रथम सुटतात.

पाचवा मुद्दा ज्वलनशीलतेचा. वाहनाच्या अंतर्भागातील पदार्थांसाठी अमेरिकन मानकाने ज्योत पसरण्याच्या वेगास दर मिनिटाला १०२ मिलिमीटरची मर्यादा घातली आहे, भारतातही आय. एस. १५०६१ हे मानक याच विषयाचे आहे. हौद्यासाठी बनवलेला लेप या कसोटीस उतरलेला असेलच असे नाही. चालकाच्या पायाखाली तो देण्यापूर्वी तशा चाचणीचे प्रमाणपत्र मागणे हे ग्राहकाचे कर्तव्यच होय.

७. फवारणाऱ्याचे आरोग्य

आतापर्यंतच्या गुणदोषांचा संबंध वाहनाशी होता. या विषयातील सर्वांत गंभीर बाब मात्र वाहनाबाहेर उभ्या असलेल्या मनुष्याची आहे. आयसोसायनेट हे व्यवसायजन्य दम्याचे एक सुप्रसिद्ध कारण होय. भोपाळ येथे १९८४ मध्ये ज्याने हाहाकार केला ते मिथिल आयसोसायनेट सुमारे ३९ अंशांनाच उकळणारे होते, लेपातील एम. डी. आय. हे त्याच कुळातील असले तरी सामान्य तापमानाला फारच कमी उडते, आणि या दोहोंची सरसकट तुलना शास्त्रशुद्ध नव्हे. परंतु तापवून, दाबाखाली तुषार केल्यावर न उडणारा पदार्थही श्वासाबरोबर आत जातो. वाहनाचा बंदिस्त अंतर्भाग या तुषारांना कोंडून धरतो, ही येथे विशेष चिंतेची गोष्ट आहे.

अमेरिकेतील व्यवसाय-आरोग्य संस्थेने एम. डी. आय.साठी सुचवलेली मर्यादा दर घनमीटर हवेत ०.०५ मिलिग्रॅम इतकी अल्प आहे. वास येईपर्यंत ही मर्यादा ओलांडली गेलेली असते, त्यामुळे नाक हे येथे विश्वासाचे साधन नव्हे. तोंडाला बांधलेला रुमाल तुषारांपुढे निरुपयोगी, आणि कोळशाच्या गाळणीचा मुखवटाही केव्हा निकामी झाला ते कळत नाही. म्हणून बाहेरून नळीने शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा, अंगभर पोशाख आणि हवा खेचून घेणारे पंखे यांची शिफारस केली जाते. एकदा शरीर या द्रव्यास संवेदनशील झाले, की पुढे अत्यल्प मात्रेनेही दम्याचा झटका येतो व कारागिराला तो धंदाच सोडावा लागतो. युरोपीय संघाने ऑगस्ट २०२३ पासून डायआयसोसायनेटचे प्रमाण ०.१ टक्क्याहून अधिक असलेल्या पदार्थांच्या व्यावसायिक वापरापूर्वी प्रशिक्षण बंधनकारक केले आहे. लहान गॅरेजमधील कारागिराला असे शिक्षण कोण देतो, हा प्रश्न तंत्रविद्येच्या विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी आपला मानावयास हरकत नाही. लेप पूर्ण घट्ट झाल्यावर तो बैठकीवरील माणसास असा धोका देत नाही. म्हणजे लाभ एकाचा आणि जोखीम दुसऱ्याची, अशी ही विभागणी आहे. लेपाच्या किमतीत या दुसऱ्याच्या संरक्षणाचा खर्च धरलेला नसेल, तर ती किंमत खोटी होय.

८. पर्याय आणि निष्कर्ष

पर्यायांत कडा उंच असलेला साच्यातील रबरी ट्रे सर्वांत सोपा. तो चिखल व खत आपल्यातच ठेवतो आणि बाहेर काढून झटकता येतो. मात्र आठवड्यातून एकदा उचलून खालचा पत्रा पाहण्याची शिस्त त्याला लागते. ॲल्युमिनियमचा नक्षीदार पत्रा दिसण्यास भक्कम. पण ओल्या क्षाराच्या संगतीत पोलाद व ॲल्युमिनियम एकत्र आले की त्यांचा विद्युत्-घट बनून ॲल्युमिनियम झिजते, आणि खाली ओल कोंडते ती वेगळीच.

एकंदर विचार करता निर्णय वाहनाच्या कामावरून करावा लागतो. खत, अवजारे, कांद्याची पोती वा डिझेलचे डबे नित्य वाहणारे, गालिचा नसलेले आणि पत्रा अद्याप निरोगी असलेले वाहन असेल, तर मागील सामानाच्या जागेत असा लेप देणे निश्चित हिताचे आहे. चालकाच्या पुढील तळात तो देताना ज्वलनचाचणी, बोल्टची स्थाने व नियंत्रक यांची दक्षता आवश्यक आहे. मुख्यतः सडकेवर धावणाऱ्या आणि वर्षातून काही दिवसच माळावर जाणाऱ्या वाहनास मात्र ट्रे पुरेसा होतो. तेथे लेपाने वजन, खर्च व गोंगाट यांचीच भर पडते. चार चौरस मीटर तळास २ मिलिमीटर जाडीने सुमारे आठ लिटर द्रव्य, म्हणजे साडेआठ किलोग्रॅम भार लागतो, हे हिशोबात धरावे. आणि पत्रा आधीच गंजलेला असेल तर लेप हा उपचार नव्हे. प्रथम गंजका भाग कापून नवा पत्रा जोडणे हाच मार्ग.

काळाची निवडही महत्त्वाची आहे. पावसाळ्यात बाष्प, आणि मे महिन्यात तापलेला पत्रा, लवकर आळणारे मिश्रण व उडती धूळ, हे अडथळे लक्षात घेता सोलापूरकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ या कामास उत्तम होय. त्यातही पहाटेचे दव पूर्ण उतरल्यावर काम सुरू करणे श्रेयस्कर. कोरड्या हवेच्या या जिल्ह्यात वाहनाच्या तळाचा शत्रू आकाशातून पडत नाही, तो पायाला चिकटून आणि पोत्यातून सांडून आत येतो. त्याला रोज झाडून बाहेर काढण्याची सवय नसेल तर उत्तम लेपही वाहनाला वाचवू शकणार नाही. आणि ती सवय असेल, तर लेप देण्याची घाई करण्याचे कारण पुष्कळ अंशी उरत नाही.